डाव्या हाताचे पऱ्हे

कोंढा, ता. पवनी
२८ जून

प्रिय भुपेंद्र,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं सूनबाई मेघा नक्की विचारेल. तिला सांग, फोनवर तू विचारतोस, बाबा कसे आहेत, मी म्हणते, बरे आहेत. तू विचारतोस, आणि तू, मी म्हणते, मला काय होतंय. तेवढ्यात तुझी मीटिंग लागते नाहीतर माझा कुकर होतो. चौदा महिने आपण दोघं हेच बोलतोय. शिवाय बाबा शेजारीच खाटेवर असतात. त्यांच्या तोंडाची भाषा अडखळली असली तरी कान एकदम शाबूत आहेत. आता ते सेवकराम काकांसोबत तलावाच्या पाळीवर जाऊन बसले आहेत, तासभर येत नाहीत. तेवढ्यात लिहून टाकते.

तू त्या पुण्याच्या सेंटरचं विचारलंस. बाबांना तीन महिने तिथे ठेवायचं, मशिनीवर चालवायचं, मी तुमच्या घरी राहायचं, आणि हो की नाही ते दहा जुलैच्या आत कळवायचं. तुझं उत्तर ह्याच पत्रात आहे, पण ते शेवटी आहे. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचा शेवट आधी वाचायचास आणि मग सुरुवातीचं वाचायचा कंटाळा करायचास, तसं करू नकोस. हे पत्र सुरुवातीपासून वाच. अंगणवाडीत तीस वर्षं मी पोरांची वजनं रजिस्टरात लिहिली. नुसता शेवटचा आकडा बघून पोरगं कसं आहे ते कळत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आधी खबरबात. शेताच्या वरच्या बांधीत रोवणीच्या रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकले. उगवले छान, पण एका बाजूला इतके दाट की बोट शिरत नाही, आणि दुसऱ्या बाजूला टकलावरच्या केसांसारखे विरळ. येणारा जाणारा हसतो. असं का झालं ते पुढे सांगते. तलावात पाणी कमी आहे पण अजून आशा आहे. आंब्याचं लोणचं घातलंय, दोन बरण्या तुमच्या. बाबांचं ब्लडप्रेशर मागच्या तपासणीत व्यवस्थित निघालं आणि गोळ्या चुकत नाहीत, कारण त्या देणारी मी आहे.

मागच्या वर्षीची ती सकाळ मी तुला कधी नीट सांगितलीच नाही. मोहफुलं वेचायचे दिवस होते. बाबा अंगणात दातून करत होते, आणि हातातली काडी पडली. ती उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. मी धावले तर तोंड एका बाजूला ओढलेलं. लोक जमले. कोणी म्हणे अंगावरून वारं गेलं, तेल चोळा. कोणी म्हणे अमुक गावी झाडपाल्याचं औषध देतात, तिकडे न्या. मी मध्ये नुसती उभी. अंगणवाडीत बायांना आरोग्याची माहिती सांगणारी मी, माझ्याच डोक्यात काही येईना. सेवकराम काका तेवढे ओरडले, "चोळून कायले राह्यले बे, गाडीत टाका!" त्यांनी आपल्या मालवाहू गाडीत बाबांना घातलं आणि भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूर. ती माणसं बोलत होती तेवढा अर्धा तास वाया गेला. तो अर्धा तास मला अजून टोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू विमानाने आलास. अकरा दिवस दवाखान्यात तू खाटेखाली चटईवर झोपलास, डॉक्टरांशी बोललास, कागद केलेस, औषधं आणलीस. मी हे गावात सगळ्यांना सांगते. दवाखान्याचं बरंचसं योजनेतून भागलं. खरा खर्च घरी आल्यावर सुरू झाला, आणि तोही तूच उचललास. एका वेळचे चारशे, आठवड्यातून तीनदा कुलदीप येतो, व्यायाम करवून जातो. गोळ्या, डायपर, दर दोन महिन्यांनी नागपूरची गाडी. तू मोबाइलवर सगळं मांडून ठेवतोस, मला माहीत आहे. त्या मांडणीत माझी नोकरी नाही, ते मीच तुला कळू दिलं नाही. मी तुला रजेवर आहे म्हणाले होते. रजा सप्टेंबरमध्येच संपली. मी राजीनामा दिला, चाव्या आणि वजनकाटा नव्या मुलीला दिला आणि घरी येऊन भांडी घासली. रागावू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू एक बाई ठेवायला लावली असतीस, आणि आपल्याकडे बाप्या माणसाचं अंग पुसायला कोणती बाई येणार होती?

मागच्या वर्षीच्या जूनमधलं आणखी एक लिहायचं आहे. ते आपण दोघांनीही कधी काढलं नाही. तू चार दिवसांसाठी आला होतास. दुपारी मी दळण आणायला गेले, बाबांना संडासला लागली, तू त्यांना उचललंस आणि अर्ध्या वाटेतच झालं. त्यांच्या कपड्यांवर, तुझ्यावरही. मी परत आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून मोठ्याने रडत होते आणि तू बोअरिंगवर हात धूत होतास. बराच वेळ धूत होतास. दोन दिवस राहिले असताना तू त्याच संध्याकाळच्या बसने गेलास, आणि आठवड्यात ती भोकाची खुर्ची आली. मग चार पायांची काठी आली, हवेची गादी आली, बोटांना ओढणारं मशीन आलं. कुरिअरवाल्याला आपल्या घराचा रस्ता पाठ झाला. तू मात्र त्यानंतर दोनदाच आलास, आणि दोन्ही वेळा दारातल्या खुर्चीवर बसून गेलास. मी टोचून बोलत नाही. तू पळालास, एवढंच म्हणते. मला पळायला जागा असती तर मीही पळाले असते.

आता माझी चूक सांगते. ती तुझ्यापेक्षा मोठी आहे.

बाबांचा उजवा हात गेला, पण डावा चांगला होता. पहिल्याच महिन्यात कुलदीप म्हणाला, काकू, ह्यांना डाव्या हाताने जेवू द्या, सांडू द्या, लवंडू द्या. मी हो म्हणाले आणि केलं नाही. तुला ठाऊक आहे आपल्याकडचं. डाव्या हाताने आपण पाहुण्याला पाणीसुद्धा देत नाही. तू लहान असताना डाव्या हाताने घास घेतलास की तुझी आजी हातावर चापट मारायची. असा माणूस चार लोकांच्या देखत डाव्या हाताने भात कालवेल? मला ते बघवेना. मला वाटलं, त्यांचं एवढं गेलं, निदान ताटावरची अब्रू तरी राहू दे. म्हणून मी भरवू लागले. सकाळी, दुपारी, रात्री, घास करून तोंडात. गावातल्या बाया बघून जायच्या आणि म्हणायच्या, "निर्मलाबाईसारखी सेवा कोणी करते का वो!" खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बाबा आधी मान फिरवायचे, मग फिरवेनासे झाले. घास पुढे आला की तोंड उघडायचं, एवढंच. कुलदीप एकदा माझ्यावर चिडलाच. म्हणाला, "काकू, मी तीन दिवस शिकवतो आणि तुम्ही सात दिवस विसरायले लावता." तो गेल्यावर मी त्याला बरीच नावं ठेवली. कालचं पोरगं मला शिकवतं, असं. अकरा महिने मी त्यांना भरवलं, भुपेंद्र. अकरा महिने.

मधल्या काळात नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून मोना नावाची मुलगी यायची. लकवा झालेल्या माणसांचा घरी आल्यावर खर्च किती होतो आणि त्यांचं जगणं कसं चाललंय ह्यावर तिचा अभ्यास आहे. तीन वेळा येणार होती. तिच्या फॉर्मवर पाच प्रश्न. चालता येतं का, आंघोळ आणि कपडे स्वतः होतात का, रोजची कामं होतात का, दुखतं का, उदास वाटतं का. आणि शेवटी एक उभी पट्टी, ताप मोजायच्या काचेसारखी, खाली शून्य आणि वर शंभर. आज तुमची तब्येत ह्यात कुठे आहे, तिथे बोट ठेवायचं. पहिल्या वेळी बाबांनी बोट अगदी खाली, दहाच्याही खाली ठेवलं. दुसऱ्या वेळी, दिवाळीच्या सुमाराला, त्यांनी बोट ठेवलंच नाही. माझ्याकडे बघितलं. घासासाठी बघायचे तसंच. मग मीच त्यांच्या वतीने चाळीसवर ठेवलं. मोना म्हणाली, काकू, हे त्यांनीच सांगायला हवं. मी म्हणाले, लिही गं, मला त्यांचं सगळं समजतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने आकडे लिहायची सवय.

हे सगळं मोडलं ते मे महिन्यात, अड्याळला. सेवकराम काकांच्या पुतणीचं लग्न होतं. बाबांना न्यायचं माझ्या मनात नव्हतं, पण काका गाडी घेऊन दारात आले आणि म्हणाले, "माह्या घरचं लगन हाय अन् हा घरी बसन?" दोघांनी धरून गाडीत बसवलं. मांडवात खुर्च्या-टेबलांची पंगत होती. मी ठरवलं होतं की बाबांना कोपऱ्यात बसवायचं आणि पंगत उठल्यावर आडोशाने भरवायचं. पण काकांनी त्यांना ओढत आपल्या शेजारी, भर मधल्या टेबलावर बसवलं. बायांची पंगत समोरच होती. मी हातातली पत्रावळ ठेवून उठणार, तेवढ्यात वाढपी आला. भात वाढला, वरण वाढलं, वांग्याची भाजी, बुंदी. सगळे जेवायला लागले. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी दोन रांगा पलीकडे होते आणि मध्ये वाढपी उभे होते. मला जाता येईना. मग त्यांनी डावा हात टेबलाखालून वर काढला आणि भातात घातला.

शेजारचे दोघे-तिघे थांबले. हातातला घास तसाच धरून बघू लागले. अर्धा घास पडला, वरण सदऱ्यावर ओघळलं, हनुवटीवर शीत राहिलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी. तेवढ्यात सेवकराम काकांनी आपला उजवा हात पाण्याने धुतला, पंच्याने पुसला आणि मांडीखाली दाबून ठेवला. आणि ते डाव्या हाताने जेवू लागले. त्यांचंही सांडत होतं, बाबांपेक्षा जास्त. समोरच्याने विचारलं, "हे काय नवीन, सेवकराम?" तर म्हणाले, "काई नाई, पाहून राह्यलो जमते का. ह्याले तर माह्यापेक्षा चांगलं जमते." बाबा हसले. भुपेंद्र, लकवा झाल्यापासून ते पहिल्यांदा हसले. तोंड वाकडं होऊन हसले, आणि त्या हसण्यात बुंदी बाहेर आली, आणि त्यावर ते दोघे आणखी हसले. मी समोर बसून रडत होते. आपल्या गावची आनंदाबाई माझ्या बाजूला होती. ती म्हणाली, "काहून रडून राह्यली वो, बुढा जेवून राह्यला न!" मला रडू आनंदाचं होतं आणि लाजेचंही. जे काम काकांनी एका पंगतीत केलं ते मी अकरा महिने अडवून धरलं होतं.

त्यानंतर घरी मी एक दिवस चमचा उचलला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. मग दाढीचं सामान मागितलं. डाव्या हाताने दाढी केली, दोन ठिकाणी कापलं. मग काठी घेऊन अंगणापर्यंत, मग दारापर्यंत. कुलदीपला विचारलं की उजवा हात आता येईल का. तो खरं बोलतो, म्हणून मला तो आता आवडतो. म्हणाला, हात आहे तेवढाच राहील असं धरून चाला, पाय थोडा आणखी सुधारेल, पण माणूस किती सुधारेल ते मी सांगत नाही. मृग लागल्यावर पऱ्हे टाकायची वेळ आली. बियाणं टाकणं हे बाबांचंच काम, हे तुला ठाऊक आहे. काकांनी त्यांची खुर्ची बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवली, एका हाताने त्यांना धरलं, आणि बाबांनी डाव्या हाताने बी फेकलं. डाव्या हाताला सवय कुठली? सगळं एकाच बाजूला पडलं. म्हणून ते पऱ्हे तसे उगवले आहेत. काका म्हणाले विरळ जागी पुन्हा टाकू, तर बाबांनी जोरात मान हलवली. ते आता रोज तिथे जाऊन बसतात आणि येणाऱ्याला काठीने दाखवतात. त्यांना ते दाट-विरळ दोन्ही आवडतं, असं वाटतं.

मागच्या आठवड्यात मोना तिसऱ्यांदा आली. पाच प्रश्न पुन्हा झाले. चालणं तसंच, काठीशिवाय नाही. आंघोळ मदतीनेच. उजवा हात तसाच. तिने पट्टी पुढे धरली आणि बाबांनी माझ्याकडे न बघता बोट पंचाहत्तरवर ठेवलं. तिला वाटलं चुकून ठेवलं, म्हणून तिने पुन्हा विचारलं, तर त्यांनी तिथेच दोनदा ठोकून दाखवलं. ती बिचारी आपल्या जुन्या कागदांकडे बघत राहिली. मग म्हणाली, काकू, आता तुमचा फॉर्म. मला माहीतच नव्हतं की सांभाळणाऱ्याचाही फॉर्म असतो. पहिल्या दोन वेळा तिने तो काढला तर मी चहाला उठून गेले होते, असं ती म्हणाली. ह्या वेळी बसले. झोप किती, पाठ दुखते का, शेवटचं घराबाहेर कधी गेलात, तुमच्या मनासारखं काही करता का. मी भराभर सांगत गेले. मग पट्टी आली. मी बोट ठेवलं, आणि मग ते कुठे ठेवलं ते बघितलं. वीस. बाबा पंचाहत्तर आणि मी वीस. लकवा त्यांना झाला होता. मी बोट उचलून वर सरकवणार होते, कारण असा आकडा मी कोणाच्या रजिस्टरात राहू दिला नसता. पण बाबा समोर बसले होते आणि त्यांनी बघितलं होतं.

मोनाने हळूच विचारलं, काय झालं तर हे वर जाईल, काकू? हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, रोवण्याला जायला मिळालं तर. तिला वाटलं मी थट्टा करते. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाठ दुखते म्हणून आत्ताच सांगितलं, आणि म्हणते दिवसभर चिखलात वाकून धान रोवायचं आहे. तुलाही तसंच वाटेल. पैशाची काय गरज, म्हणशील. अंगणवाडीत असताना मी दरवर्षी आठ दिवस रजा काढायचे ते रोवण्यासाठीच. आपली बांधी आधी, मग आनंदाबाईची, मग तिच्या जावेची. बारा जणी एका रांगेत, पाय पोटरीपर्यंत चिखलात, कंबर वाकलेली आणि तोंड मोकळं. सासूचं, नवऱ्याचं, सरकारचं, सगळ्यांचं तिथे निघायचं. कोणी गाणं धरलं की पोटभर म्हणायचं. माझी ओळ नेहमी पुढे असायची, हे आनंदाबाई आजही कबूल करते. मागच्या वर्षी त्या सगळ्या घरासमोरून गेल्या आणि मी आत बाबांना घास भरवत होते. कोणी हाक मारली नाही. मला वाईट वाटू नये म्हणूनच मारली नसेल. मी दार लावून घेतलं. त्यांचं गाणं दुपारभर बांधीकडून ऐकू येत होतं. त्या दिवशी मी बाबांना कारण नसताना बोलले, ते मी विसरलेले नाही आणि तेही विसरले नसतील. मोना गेल्यावर बाबांनी काठीने माझ्या पायाला टोचलं, बांधीकडे दाखवलं आणि म्हणाले, "जा." त्यांचे शब्द मोजकेच निघतात. हा स्पष्ट निघाला.

आता तुझं उत्तर. सेंटरचा कागद मी बाबांना दाखवला. त्यांना विचारायचं तुझ्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. मशिनीचा फोटो त्यांनी नीट बघितला, मग विचारलं, "पऱ्हे कोन पाहीन?" म्हणजे नाही. कुलदीपही म्हणाला, तीन महिन्यांत पाय थोडा सुधारेल, पण पुढे घरी रोज करावंच लागेल. तेवढ्या पैशात तो आपल्याकडे साडेचार वर्षं येईल. हा हिशोब माझा नाही, मोनाने करून दिला. तेव्हा सेंटर नको. पण भुपेंद्र, मला तुझ्याकडून काही हवं आहे. आजवर मी तुला कधी हे आण, ते दे म्हटलं नाही, आज म्हणते. मी थकले आहे. अठरा जुलैला आपला रोवणा धरला आहे. तू बारा दिवसांची रजा काढून ये. कोणाला पाठवू नकोस, खुर्ची पाठवू नकोस, तू ये. आनंदाबाईला मी येते म्हणून सांगून टाकलं आहे. ते वाकडेतिकडे उगवलेले पऱ्हे मला माझ्या हाताने रोवायचे आहेत. तेवढे दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा बाबा तुझे. जेवण ते स्वतः करतात, तू फक्त ताट ठेव आणि सांडलं तर बघू नकोस. संडासची खूण म्हणजे काठी दोनदा आपटतात, तेव्हा लगेच ऊठ. आंघोळीचं पाणी आधी तुझ्या हातावर घेऊन बघ, कारण उजव्या अंगाला त्यांना चटका कळत नाही. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करतील आणि तुलाही वर बघवणार नाही. तू पाणी घालत राहा. दुसऱ्या दिवशीही तसंच होईल. तिसऱ्या दिवशी ते आपणहून पाठ पुढे करतात. माझ्यासोबतही असंच झालं होतं.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई